ठिसूळ होणारीं हाडें आणि होमिओपॅथीचा उपचार

(नभोवाणीवरील भाषण)



आजचा विषय हाडांच्या एका रोगाचा आहे. हा रोग ताप आणीत नाहीं, अंगावर सूज आणीत नाहीं, आणि वर्षानुवर्षें शरीरांत राहूनहि आपली चाहूल लागूं देत नाहीं. स्नानगृहांत पाय घसरतो, हात टेंकला जातो आणि मनगट मोडतें. किंवा पाण्याची बादली उचलतांना पाठींत एकाएकीं कळ येते आणि क्षकिरणांचें चित्र काढल्यावर मणका चेपलेला दिसतो. तेव्हां कोठें घरांतल्या माणसांना कळतें कीं, हाडें आंतून केव्हांच विरळ झालीं होतीं. पाश्चात्त्य वैद्यकांत या रोगास ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. आपल्याकडे अस्थिसुषिरता हा संस्कृत शब्द त्यास योजितात. सुषिर म्हणजे छिद्रयुक्त. बांसरी-सनईसारख्या वाद्यांस ज्या अर्थानें सुषिर वाद्यें म्हणतात, त्याच अर्थानें हें नांव आहे. या रोगाची गोष्ट निघाली कीं, आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून दुसरा प्रश्न लागलीच पुढें येतो : यावर होमिओपॅथींत औषध आहे काय? या दोन्ही गोष्टींचा विचार आज क्रमानें करावयाचा आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकण हा औद्योगिक पट्टा समोर ठेवून हा विचार करण्यास कारण आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथील माळांवर यंत्रांचे आवाज सुरू झाले. १९८२ सालीं येथें महानगरपालिका आली. आणि एकेकाळीं संग्रामदुर्ग किल्ला व कांद्याचा बाजार यांसाठीं प्रसिद्ध असलेलें चाकण या शतकांत मोटारींच्या कारखान्यांचें गांव बनलें. सातारा, सोलापूर, नगर, मराठवाडा व कोंकण या भागांतून जे तरुण या कारखान्यांत आले, त्यांच्या पहिल्या पिढीनें आतां सत्तरी ओलांडली आहे. त्यांच्याबरोबर संसार थाटावयास आलेल्या स्त्रियांचेंहि वय तेंच. कारखान्यांच्या नगरांत अपघात म्हणजे यंत्राचा अपघात, असें आपण समजत आलों आहों. परंतु या वयाच्या माणसांना यंत्रापेक्षां घरांतली ओली फरशी अधिक धोक्याची असते, हें अजून पुरेसें ध्यानांत आलेलें नाहीं.

प्रथम हाड म्हणजे काय, तें पाहूं. हाड हा निर्जीव दगड नव्हे. चिवट प्रथिनांच्या धाग्यांची एक जाळी असून तिच्यांत कॅल्शियम व फॉस्फरस यांचें क्षाररूप कठीण द्रव्य बसविलेलें असतें. धाग्यांमुळें हाडाला लवचिकपणा येतो, क्षारांमुळें कठीणपणा येतो. मोठ्या कारखान्यांत जसा देखभालीचा एक विभाग असतो व तो जुने भाग काढून नवे बसवीत असतो, तसाच विभाग हाडांत जन्मभर काम करीत असतो. एका जातीच्या पेशी जुनें हाड पोखरून काढतात; दुसऱ्या जातीच्या पेशी त्या खांचेंत नवें हाड भरतात. प्रौढ माणसाच्या अस्थिपंजराचा सुमारें दहावा हिस्सा दरवर्षीं अशा रीतीनें नवा होतो. तिशीपर्यंत भरणी अधिक आणि तोड कमी, म्हणून हाडांचा सांठा वाढत जातो. त्यानंतर कांहीं वर्षें दोन्ही कामें समतोल चालतात. पुढें तोड वरचढ होते. हाडाचें बाहेरचें आकारमान तेंच राहतें, परंतु आंतील जाळीचे आडवे-उभे दांडे पातळ होतात, कांहीं तुटून जातात. घराच्या भिंती उभ्या असाव्या आणि आंतल्या तुळया वाळवीनें खाव्या, तशी ही स्थिति आहे.

स्त्रियांच्या बाबतींत ही तोड एका विशिष्ट वेळीं वेग घेते. ईस्ट्रोजेन नांवाचा अंतःस्राव हाड पोखरणाऱ्या पेशींवर लगाम ठेवीत असतो. रजोनिवृत्तीनंतर तो लगाम सुटतो, आणि पहिल्या पांच-सात वर्षांत हाडांच्या घनतेचा पांचवा हिस्सासुद्धां जाऊं शकतो. हा संबंध १९४० च्या सुमारास अमेरिकेंतील बोस्टन येथील फुलर ऑलब्राइट या वैद्यकशास्त्रज्ञानें प्रथम स्पष्टपणें दाखविला. आपल्या देशांत रजोनिवृत्ति पाश्चात्त्य स्त्रियांहून चार-पांच वर्षें आधीं, म्हणजे सरासरीनें शेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षीं येते. ज्यांच्या गर्भाशयाबरोबर अंडाशयहि शस्त्रक्रियेनें काढले गेले, त्यांच्यावर तर ती वेळ पस्तिशी-चाळिशींतच ओढवते. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, तो पुष्कळांच्या स्मरणांत असेल. अशा स्त्रियांच्या हाडांची काळजी साठीला नव्हे, तर शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून घ्यावयास हवी.

पुरुषांनीं मात्र हा स्त्रियांचाच रोग म्हणून निर्धास्त राहूं नये. त्यांच्यांत तो दहा-पंधरा वर्षें उशिरां येतो, एवढेंच. दम्यासाठीं किंवा संधिवातासाठीं महिनोंगणती घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक, मद्य, विडी-सिगारेट, हीं सर्व हाडांचीं शत्रु आहेत. आपल्याकडील अनेक स्त्रिया दांतांना मिश्री लावतात. तीहि तंबाखूच आहे, आणि हाडांच्या दृष्टीनें तिला सूट नाहीं.

येथें एका शब्दाविषयीं सावध केलें पाहिजे. ‘हाडांची झीज’ हा शब्द आपण दोन अगदीं भिन्न रोगांस लावतों. गुडघ्यांतील कूर्चा, म्हणजे ज्याला लोक गादी म्हणतात ती, झिजून गुडघा दुखतो, जिना चढवत नाहीं, सकाळीं सांधा आंखडतो. हा सांध्यांचा रोग होय. तो दुखतो आणि दिसतो. अस्थिसुषिरता हा हाडाच्या घनतेचा रोग होय. हाड मोडेपर्यंत तो दुखतच नाहीं. गुडघ्याचें दुखणें कमी झालें म्हणजे हाडें बळकट झालीं असें मानणें, ही मोठी चूक आहे. आणि पुढें ज्या औषधोपचाराचा विचार करावयाचा आहे, त्याच्या कीर्तीचा बराच भाग याच गोंधळावर उभा आहे.

मग जो रोग दुखत नाहीं तो ओळखावा कसा? त्यासाठीं डेक्सा नांवाची तपासणी आहे. अत्यल्प क्षकिरणांच्या साह्यानें कंबरेचे मणके व खुबा यांची घनता मोजतात आणि ती निरोगी तरुण व्यक्तीच्या घनतेशीं ताडून एक अंक काढतात. १९९४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें ठरविल्याप्रमाणें हा अंक उणे अडीच किंवा त्याहून खालीं असेल, तर अस्थिसुषिरता आहे असें समजतात. आपल्या वसाहतींतून जीं मोफत शिबिरें भरतात, त्यांत बहुधा टांचेवर लहानसें यंत्र लावून अंक सांगतात. ती केवळ चाळणी आहे, निदान नव्हे; तिच्यावरून घाबरूं नये आणि निर्धास्तहि होऊं नये. शिवाय यंत्राविना कळण्याजोग्या खुणाहि आहेत : तरुणपणाच्या मानानें उंची दीड-दोन इंचांनीं कमी होणें, पाठीला बांक येणें, उभ्यानें पडल्याबरोबर हाड मोडणें, आईचा अथवा वडिलांचा खुबा मोडलेला असणें. पन्नाशीनंतर साध्या पडण्यानें मनगट मोडलें, तर प्लास्टर घालून प्रकरण मिटवूं नये. तें पुढच्या संकटाचें आगाऊ पत्र आहे. कारण मनगट सहा आठवड्यांत जुळून येतें. खुबा मोडला म्हणजे मात्र शस्त्रक्रिया, अंथरूण, न्युमोनिया व परावलंबन अशी मालिका सुरू होते, आणि खुबा मोडलेल्या वृद्धांपैकीं सुमारें पांचांतला एक वर्षाच्या आंत दगावतो.

आतां होमिओपॅथीकडे वळूं. ही पद्धति जर्मनींतील मायसेन येथें १७५५ सालीं जन्मलेल्या सॅम्युएल हानेमान या वैद्यानें काढली. त्याच्या काळीं रोग्याच्या शिरा कापून रक्त काढणें, पाऱ्याचीं औषधें देणें, हेंच वैद्यक होतें, आणि त्यानें रोग्यांचे फार हाल होत. हानेमानानें १७९० सालीं सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिली. आपणांस हिंवतापासारखीं लक्षणें झालीं असें त्यास वाटलें. त्यावरून निरोगी माणसांत जें द्रव्य जीं लक्षणें उत्पन्न करतें, तेंच द्रव्य अल्प प्रमाणांत दिल्यास तशाच लक्षणांचा रोग बरा करतें, असा सिद्धान्त त्यानें १७९६ सालीं मांडला. १८१० सालीं त्याचा ‘ऑर्गनॉन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्या देशांत या पद्धतीचा प्रवेशहि जुना आहे. १८३९ सालीं होनिगबर्गर नांवाच्या वैद्यानें लाहोरास महाराजा रणजितसिंहांवर उपचार केले. पुढें कलकत्त्यास डॉ. महेंद्रलाल सरकार यांच्यासारख्या विद्वानानें १८६७ सालीं तिचा जाहीरपणें पुरस्कार केला. आज होमिओपॅथीला कायद्याची मान्यता आहे. १९७३ चा केंद्रीय कायदा होता, त्याच्या जागीं २०२० चा राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला. पिंपरीस डॉ. डी. वाय. पाटील यांच्या नांवाचें व पुण्यास धोंडुमामा साठे यांच्या नांवाचें होमिओपॅथीचें महाविद्यालय आहे. तेव्हां गल्लीगल्लींत या पद्धतीचे डॉक्टर असावे, यांत नवल नाहीं.

होमिओपॅथ रोगाचें नांव पाहून औषध देत नाहीं. रोग्याची प्रकृति पाहून देतो, असें त्या शास्त्राचें म्हणणें आहे. रोग्याला थंडी सोसते कीं ऊन, घाम कोठें येतो, झोंप कशी, भीति कशाची, खाण्याची आवड काय, हें सर्व तो विचारून घेतो. हाडांच्या तक्रारीसाठीं जीं औषधें सामान्यतः निवडलीं जातात, त्यांतील कांहीं अशीं : कालवाच्या शिंपल्यापासून केलेलें कॅल्केरिया कार्बोनिका, कॅल्शियमच्या फॉस्फेटपासून केलेलें कॅल्केरिया फॉस्फोरिका, वाळूच्या द्रव्यापासून केलेलें सिलिशिया, मोडलेलें हाड जुळावें म्हणून दिलें जाणारें सिम्फायटम, ही एक युरोपीय वनस्पति आहे, आणि आइसलँडांतील हेक्ला ज्वालामुखीच्या राखेपासून केलेलें हेक्ला लाव्हा. यांखेरीज शुस्लर नांवाच्या जर्मन डॉक्टरानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत काढलेले बारा क्षार आहेत. त्यांस आपण बायोकेमिकच्या गोळ्या म्हणतों.

या नांवांत कॅल्शियम आहे, शिंपला आहे, फॉस्फेट आहे. म्हणून पुष्कळ कुटुंबांत अशी समजूत असते कीं, या गोळ्यांतून हाडांस खाद्य मिळतें. ही समजूत गणितानें तपासून पाहूं. बायोकेमिक गोळीवर ‘सहा एक्स’ असें लिहिलेलें असतें. याचा अर्थ असा कीं, मूळ द्रव्य दुग्धशर्करेंत एकास नऊ या प्रमाणांत खलून, त्याचा दहावा हिस्सा पुनः तसाच खलून, ही क्रिया सहा वेळां केली. म्हणजे दहा लाख भागांत मूळ द्रव्य एक भाग. शंभर मिलिग्रॅम वजनाच्या चार गोळ्या दिवसांतून तीनदां घेतल्या, तर बारा गोळ्यांत मिळून मूळ क्षार जातो तो एका मिलिग्रॅमच्या हजाराव्या हिश्शाहून किंचित् अधिक. उलट दोनशें मिलिलिटर दुधाच्या एका पेल्यांत सुमारें दोनशें चाळीस मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तो सगळा क्षार शुद्ध कॅल्शियमच आहे असें उदारपणें धरलें, तरी एका पेलाभर दुधाची बरोबरी करण्यास या गोळ्या सुमारें साडेपांचशें वर्षें घ्याव्या लागतील. म्हणजे संत एकनाथांच्या जन्मापूर्वींपासून एकहि दिवस न चुकतां. आणि ‘तीस’ किंवा ‘दोनशें’ असा अंक असलेल्या औषधांत तर तेवढेंहि नसतें. तेथें प्रत्येक पायरीस शंभरपट सौम्य करीत जातात. बाराव्या पायरीच्या पुढें मूळ द्रव्याचा एकादा रेणू तरी उरला असेल, अशी शक्यता रसायनशास्त्राच्या हिशोबानें जवळ-जवळ संपते. तिसाव्या पायरीवर एकावर साठ शून्यें मांडावीं लागतात.

यावर होमिओपॅथीचे अभ्यासक उत्तर देतात, आणि तें ऐकून घेतलें पाहिजे. त्यांचें म्हणणें असें कीं, या गोळ्या कॅल्शियमचा पुरवठा करण्यासाठीं नाहींतच. शरीराची कॅल्शियम ग्रहण करण्याची शक्ति त्या जागृत करतात. ठीक आहे, हें म्हणणें तपासतां येण्याजोगें आहे. गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांचीं हाडें गोळ्या न घेणाऱ्या स्त्रियांपेक्षां कमी मोडतात काय, एवढाच प्रश्न आहे. औषधाची परीक्षा घेण्याची ही रीत आज सर्वमान्य आहे. रोग्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडावयाचे आणि दोहोंची तुलना करावयाची. १९४८ सालीं इंग्लंडांत स्ट्रेप्टोमायसिन या क्षयरोगावरील औषधाची अशीच परीक्षा झाली व तें कसोटीस उतरलें. तेंच औषध पुढें आपल्या पिंपरीच्या कारखान्यांत तयार होऊं लागलें. अस्थिसुषिरतेच्या बाबतींत होमिओपॅथीचें कोणतेंहि औषध हाडांची घनता वाढवितें किंवा हाड मोडण्याचें प्रमाण कमी करतें, असें अशा कसोटीवर सिद्ध झालेलें नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन मंडळानें अनेक रोगांवरील प्रयोग एकत्र तपासून २०१५ सालीं निष्कर्ष काढला कीं, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाहि रोगाच्या बाबतींत आढळत नाहीं. कायद्याची मान्यता वैद्याला व्यवसाय करण्याची परवानगी देते. अमुक औषध अमुक रोगावर चालतें, याचा दाखला ती देत नाहीं.

मग, ‘आमच्या घरीं गुण आला’ असें जे सांगतात, ते खोटें बोलतात काय? मुळींच नाहीं. त्यांचा अनुभव खरा असतो. त्याचें कारण मात्र निराळें असतें. चेपलेल्या मणक्याची तीव्र कळ बहुधा सहा आठवडे ते तीन महिन्यांत आपोआप ओसरते. त्या मुदतींत जें औषध चालूं असेल, त्याच्या पदरांत यश पडतें. मोडलेलें मनगट सिम्फायटम दिलें तरी जुळतें, न दिलें तरी जुळतें. पुष्कळ रोगी गोळ्यांबरोबर दूध, ऊन, फिरणें हींहि सुरू करतात. आणि आणखी एक गोष्ट मोकळ्या मनानें मान्य केली पाहिजे. होमिओपॅथ अर्धा-अर्धा तास बसून रोग्याचें ऐकून घेतो. मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागांत रांगेनें शिरून दोन मिनिटांत बाहेर पडलेल्या वृद्ध स्त्रीला तो अर्धा तास हेंच औषध वाटतें. तिचें दुःख हलकें होतें, यांत शंका नाहीं. परंतु मन हलकें होणें आणि हाड भरणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या साखरेच्या गोळ्यांनीं अपाय तरी कोणता, असें कोणी विचारील. गोळी स्वतः बहुधा निरुपद्रवी असते. अपाय आहे तो वेळेचा. समजा, प्राधिकरणांत राहणाऱ्या एका गृहिणीचें मनगट सत्तावनाव्या वर्षीं मोडलें. तपासणी न होतां तिला गोळ्या सुरू झाल्या. दुखणें थांबलें, सर्वांना समाधान वाटलें. पुढील दहा वर्षें हाडांतील तोड निमूटपणें चालूंच राहिली, आणि अडुसष्टाव्या वर्षीं उंबऱ्यास अडखळून खुबा मोडला. त्या दहा वर्षांत जें रोखतां आलें असतें, तें आतां रोखतां येत नाहीं. हानि झाली ती गोळीनें नव्हे. गोळीवर विसंबून राहिल्यानें. याखेरीज, नांव-पत्ता नसलेल्या पुड्यांपासून दूर राहावें. सांधेदुखीवरील ‘रामबाण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलें अनेकदां सांपडलेलें आहे. त्यानें दुखणें जादूसारखें थांबतें आणि हाडें मात्र अधिकच विरळ होतात.

ज्या औषधांची परीक्षा झाली आहे, तीं कोणतीं? अलेंड्रोनेट ही आठवड्यांतून एकदां घ्यावयाची गोळी हाड पोखरणाऱ्या पेशींना आवर घालते. ज्यांचा मणका आधींच चेपला होता अशा दोन हजारांहून अधिक स्त्रियांवरील प्रयोगाचा निष्कर्ष १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. तींत खुबा मोडण्याचें प्रमाण सुमारें निम्म्यावर आलें. ही गोळी सकाळीं उपाशीपोटीं, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी व नंतर अर्धा तास आडवें होऊं नये, नाहींतर अन्ननलिका पोळते. ज्यांना हें जमत नाहीं, त्यांच्यासाठीं झोलेड्रोनेट हें वर्षांतून एकदां शिरेंतून देण्याचें औषध आहे. २००७ च्या एका मोठ्या प्रयोगांत त्यानें मणके चेपण्याचें प्रमाण सुमारें सत्तर टक्क्यांनीं घटलें. डेनोसुमॅब हें सहा महिन्यांनीं टोंचावयाचें औषध आहे. तें डॉक्टरांस न विचारतां मध्येंच सोडलें, तर मणके एकामागून एक चेपण्याचा धोका असतो. या औषधांचे दोषहि आहेत. जबड्याच्या हाडाचा अथवा मांडीच्या हाडाचा विशिष्ट विकार क्वचित् उद्भवतो. म्हणून आधीं मूत्रपिंडाची तपासणी करून व दांतांचें काम उरकून घेतात, आणि कांहीं वर्षांनीं औषध थांबवावें कीं काय, याचा फेरविचार करतात. पण जिचें हाड एकदां मोडलें आहे, तिच्या बाबतींत लाभाचें पारडें फार जड आहे.

औषध कोणतेंहि असो, अन्न, ऊन व व्यायाम यांवांचून तें लंगडें पडतें. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारें एक हजार मिलिग्रॅम, आणि रजोनिवृत्तीनंतर बाराशें मिलिग्रॅम कॅल्शियम लागतें. दूध, दही व ताक हे त्याचे सोपे मार्ग; परंतु आपल्या जुन्या स्वयंपाकांतहि त्याची रेलचेल आहे. शंभर ग्रॅम नाचणींत साडेतीनशें मिलिग्रॅमच्या आसपास, शेवग्याच्या पाल्यांत तीनशेंहून अधिक, आणि तिळांत तर हजाराच्याहि वर कॅल्शियम असतें. संक्रांतीपुरता तिळगूळ न खातां रोज चमचाभर तिळाची चटणी पानांत असावी. हरभऱ्याच्या डाळी, मटकी, अंडीं यांतील प्रथिनेंहि हाडांच्या जाळीस लागतात.

ऊन ही आपल्या देशांत फुकट मिळणारी वस्तु; आणि तरीहि ड जीवनसत्त्वाची उणीव येथें सर्रास आढळते. त्याचें कारण या औद्योगिक पट्ट्यांत सहज दिसतें. रात्रपाळी करणारा कामगार दिवसा पडदे ओढून झोंपतो. दिवसपाळीचा सूर्योदयाच्या सुमारास बसमध्यें चढतो आणि दिवस मावळतांना उतरतो. गृहिणी सहाव्या मजल्यावरील घरांत असते, आणि कांचेंतून आलेल्या उन्हांत त्वचेला ड जीवनसत्त्व बनवितां येत नाहीं, हें तिला कोणी सांगितलेलें नसतें. हात-पाय उघडे ठेवून सकाळीं अकरा ते दुपारीं दोन या वेळांतलें पंधरा-वीस मिनिटें ऊन आठवड्यांतून कांहीं दिवस तरी घ्यावें. रक्तांतील प्रमाण फारच कमी असल्यास डॉक्टर सांगतील तेवढें ड जीवनसत्त्व घ्यावें. आपल्या मनानें रोज मोठ्या मात्रेच्या पुड्या घेऊं नयेत, कारण त्याचा अतिरेक मूत्रपिंडास बाधतो.

हाडावर भार पडला तरच तें बळकट होतें. म्हणून चालणें, जिना चढणें, खुर्चीवरून हात न टेंकतां उठणें, भिंतीला टेंकून टांचा उचलणें, हे व्यायाम चांगले. योगासनांच्या बाबतींत मात्र विवेक हवा. ज्यांचे मणके ठिसूळ झाले आहेत त्यांनीं पुढें वांकण्याचीं आसनें, म्हणजे पश्चिमोत्तानासनासारखीं, करूं नयेत. त्यांत मणक्याच्या पुढच्या कडेवर दाब येऊन तो चेपूं शकतो. त्याच कारणासाठीं दुचाकीच्या मागच्या आसनावर बसून गतिरोधकांवरचे धक्के खाणें वृद्ध स्त्रियांनीं टाळावें. जमिनीवरील वस्तु कंबरेंतून वांकून न उचलतां गुडघे वांकवून उचलावी.

शेवटीं घराकडे पाहावें. स्नानगृहांत आधारासाठीं भक्कम दांडी, खरखरीत फरशी, रात्रीं मंद दिवा, पायांत घट्ट बसणारी चप्पल, वेळेवर केलेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, आणि झोंपेच्या गोळ्यांचा फेरविचार, यांस येणारा खर्च एका खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या मानानें नगण्य आहे.

ज्या कुटुंबाचा होमिओपॅथीवर विश्वास आहे, त्यानें तो टाकावा असा हट्ट धरण्याचें येथें कारण नाहीं. आपल्या डॉक्टरांना तीन प्रश्न मात्र अवश्य विचारावे. हाडांची घनता मोजली आहे काय? एक-दोन वर्षांनीं ती पुनः मोजून उपचाराचा निकाल पाहणार आहांत काय? आणि ती घसरली, किंवा हाड मोडलें, तर आपण दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठविणार काय? जो डॉक्टर या तिन्ही प्रश्नांस होय म्हणेल, तो कोणत्याहि पद्धतीचा असो, रोग्याचा हितचिंतक आहे. असे होमिओपॅथ आपल्याकडे आहेत. जो म्हणेल कीं तपासणीची गरज नाहीं, गोळ्यांवर भरंवसा ठेवा, त्याच्या दारांतून नम्रपणें परत फिरावें. आणि चालूं असलेलें परीक्षित औषध कोणाच्याहि सांगण्यावरून गोळ्यांसाठीं बंद करूं नये.

ज्या हातांनीं चार दशकें यंत्रें चालविलीं आणि ज्या हातांनीं त्या यंत्रांमागचे संसार चालविले, त्या हातांना उतारवयांत काठीचा आधार घ्यावा लागला तर कमीपणा नाहीं. परंतु टाळतां येण्याजोगें अंथरूण त्यांच्या वांट्यास येऊं नये. घरांत पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रिया असतील, तर या आठवड्यांत त्यांची उंची भिंतीशीं उभें करून मोजा, पूर्वीं कोणतें हाड मोडलें होतें काय तें विचारा, आणि शंका आल्यास डेक्साची तपासणी करवून घ्या. एवढें केलें तरी या भाषणाचें काम झालें.